दहाव्या आवर्तनातला निषाद

गिटार शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून कधी ना कधी एक रचना जाते. कुणी तिला 'स्पॅनिश रोमान्स' म्हणतात, कुणी 'रोमान्स अनॉनिमो'. क्लासमध्ये नुसते 'रोमान्स' म्हटले तरी पुरते. ई मायनरमध्ये बांधलेली, तीन-तीन मात्रांच्या आवर्तनांत चालणारी, दोन भागांची. प्रत्येक भाग 16 आवर्तनांचा. पहिला झाला की दुसरा आणि शेवटी पुन्हा पहिला. एवढ्यात ती संपते. पट्टीचे वादक ती मैफलीच्या शेवटी श्रोत्यांच्या आग्रहाखातर वाजवतात आणि बोटांना अजून घट्टे न पडलेली मुले तीच रचना शिकायला घेतात.

तिच्या गोडव्याबद्दल पुष्कळांनी सांगितले आहे. मला सांगायचे आहे ते तिच्या बांधणीबद्दल. शिकणाऱ्याचा हुरूप टिकवायचा आणि त्याच वेळी त्याला स्वतःची फसवणूक करू द्यायची नाही, ही दोन्ही कामे ही रचना आपल्या स्वरांच्या मांडणीतूनच करते. आधी भरभरून देते, मग मागते. आणि जिथे सर्वांत जास्त मागते, तिथेच तिचे सर्वांत सुंदर स्वर आहेत.

पहिले आवर्तन पाहा. गिटारची सर्वांत बारीक तार, सातवा पडदा. मोकळ्या तारेचा ई हा षड्ज मानला, तर हा पंचम. पहिल्या मात्रेवर पंचम, दुसरीवर पंचम, तिसरीवरही पंचम. दुसऱ्या आवर्तनात तो एकदा पुन्हा येतो आणि मग मध्यमावरून कोमल गंधारावर उतरतो. तिसऱ्यात गंधार, रिषभ, षड्ज. चौथ्यात त्या षड्जावरून गंधार आणि पंचम अशी चढण, आणि पाचव्यात चाल थेट बाराव्या पडद्यावर, तार षड्जावर जाऊन ठेपते. तोही तीनदा. सहाव्यात तिथून कोमल निषाद आणि कोमल धैवत असा उतार. आपल्या कानाला हे सगळे ओळखीचे वाटते, कारण स्वर आसावरी थाटाचे आहेत.

एवढी सहा आवर्तने वाजवायला डाव्या हाताचे एकच बोट पुरते. खरोखर एकच. बाकीचे काम मोकळ्या तारा करतात. प्रत्येक मात्रेत चालीच्या स्वरामागोमाग दुसरी आणि तिसरी तार मोकळी छेडायची. त्या तारा बी आणि जीच्या, म्हणजे पंचम आणि कोमल गंधार. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सर्वांत जाड तार अंगठ्याने छेडायची, तो खर्जातला षड्ज. म्हणजे वर चाल फिरते आणि खाली षड्ज, गंधार, पंचम जागचे हलत नाहीत. तानपुऱ्याच्या सवयीच्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. चाल सातव्या पडद्यावर असते तेव्हा वरचा पंचम आणि मधल्या तारेचा पंचम यांच्यात बरोबर एका सप्तकाचे अंतर असते, म्हणून ते पहिले आवर्तन इतके भरलेले वाटते.

ज्याने कुणी ही रचना बांधली, त्याला गिटारचे वाद्यपण नेमके उमगले होते. ई मायनर हा गिटारचा घरचा स्वर आहे. सहापैकी चार मोकळ्या तारा त्याच्याच स्वरांत बसतात: दोन ई, एक जी, एक बी. त्यामुळे हाताला अजून काहीच येत नसताना वाद्य स्वतःहून गाऊ लागते. शिकायला सुरुवात करून थोडेच दिवस झालेला मुलगा ही पहिली सहा आवर्तने वाजवतो आणि स्वयंपाकघरातून आई विचारते, 'काय रे, हे कुठलं?' ज्याच्या वाट्याला तोवर नुसते बोट दुखणे आणि तार खरखरणे आले आहे, त्याला या प्रश्नाची किती गरज असते, हे शिकवणाऱ्यांना माहीत आहे. गिटार सोडून देणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सोडतात. पहिल्या टप्प्यातच खऱ्या संगीताचा एक तुकडा हाती पडणे ही फार मोठी मदत आहे, आणि ही रचना ती मोकळ्या हाताने करते.

पण याच सोप्या आवर्तनांत पहिली परीक्षाही आहे. ती डाव्या हाताची नाही, उजव्याची आहे. प्रत्येक मात्रेत तीन ठोके: अनामिका, मध्यमा, तर्जनी. चालीचा स्वर अनामिकेकडे, आणि अनामिका या तिघींत सर्वांत दुबळी. म्हणजे जिने पुढे यायचे तिच्यात जोर कमी आणि ज्यांनी मागे राहायचे त्या दांडग्या. तीनदा येणारा तो पंचम तिन्ही वेळा स्पष्ट, वरचढ आणि तरी एकमेकांहून किंचित वेगळा उमटला पाहिजे. तो नुसताच तीनदा ठोकला, तर पहिले आवर्तन भिंतीवर खिळा मारल्यासारखे होते. तिसऱ्या मात्रेवरच्या पंचमाने पुढच्या उताराची चाहूल द्यायला हवी.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे. वाजवताना चाल आपल्या मनात गात असते. त्यामुळे अनामिकेने न उमटवलेला स्वरही आपल्याला ऐकू येतो. मन तो भरून काढते. हा कुणाचा खोटेपणा नव्हे, कानाचा स्वभाव आहे. म्हणूनच वाजवत असतानाचा आपला कान साक्षीदार म्हणून चालत नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि ते लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐकावे. पहिल्या आवर्तनात तीन पंचम मोजता येतात की नुसती नऊ स्वरांची झुळझुळ ऐकू येते, एवढेच पाहावे. आज प्रत्येकाच्या खिशात ही सोय आहे आणि तिचा उपयोग फार थोडे जण करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सातव्या आवर्तनापासून रचना मागायला लागते. चाल धैवत, पंचम, मध्यम अशी उतरते आणि खालची तार बदलून ए होते. आता मधल्या तारा मोकळ्या ठेवता येत नाहीत. तर्जनी पाचव्या पडद्यावर आडवी ठेवून त्या दाबाव्या लागतात. गिटारवाले याला 'बार धरणे' म्हणतात. हा बार तसा सोसण्यासारखा आहे. खरा प्रश्न नवव्या आवर्तनात येतो. बार सातव्या पडद्यावर सरकतो, या खेपेला सहाही तारांवर, कारण खर्जाचा बीसुद्धा त्याच बोटाने दाबायचा आहे. मधल्या बोटाने तिसऱ्या तारेवर आठवा पडदा धरायचा आणि वर चाल पंचम, धैवत, पंचम अशी हलवायची. मग दहावे आवर्तन. बार तसाच आहे, मधले बोट तसेच आहे, आणि करंगळीने पहिल्या तारेवर अकरावा पडदा गाठायचा आहे.

650 मिलिमीटर लांबीच्या तारेच्या गिटारवर सातव्या आणि अकराव्या पडद्यांत सुमारे 9 सेंटिमीटरचे अंतर पडते. प्रौढ माणसाच्या हाताला ते जड नाही, पण तर्जनी आडवी दाबलेली असताना करंगळी एवढी लांबवणे हे नुसत्या ताकदीचे काम नाही. अंगठ्याने मागून दांडी आवळली की करंगळी आखडते. मनगट थोडे पुढे काढावे लागते, कोपर अंगाजवळ घ्यावे लागते, तर्जनी सपाट न ठेवता जराशी कडेवर कलती करावी लागते, म्हणजे तिच्या पेरांमधल्या मऊ जागेत तार बुडत नाही. सहाही तारा एकेक करून छेडून पाहिल्या, तर बहुधा दुसरी तार थबकलेली सापडते. तिच्यावर तर्जनीचे सांध्याजवळचे पेर आलेले असते. बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवले की ती मोकळी होते. जोर वाढवून ती मोकळी होत नाही. ज्यांनी जोर वाढवला त्यांचे हात दुखले आणि तार मुकीच राहिली.

आता हा अकरावा पडदा म्हणजे कोणता स्वर? शुद्ध निषाद. चारच आवर्तनांपूर्वी, सहाव्यात, चाल तार षड्जावरून उतरताना कोमल निषादाला स्पर्शून गेली होती. कान त्याच्याशी जुळला होता. दहाव्यात त्याच जागी एक पडदा वर शुद्ध निषाद लागतो आणि त्याच्यापुढे लगेच कोमल धैवत, मग पंचम. शुद्ध निषाद आणि कोमल धैवत यांच्यामधली ती लांब उडी आपण किरवाणीत ऐकतो. आसावरीच्या स्वरांत रमलेली चाल एका आवर्तनापुरती किरवाणीच्या अंगणात पाय ठेवून परत येते. शिवाय हा निषाद षड्जाच्या इतक्या जवळ आला असूनही वर षड्जाला जाऊन मिळत नाही. तो उलटा फिरतो आणि खाली उतरतो. संपूर्ण पहिल्या भागात इतकी व्याकूळ जागा दुसरी नाही.

म्हणजे सर्वांत अवघड जागा आणि सर्वांत सुंदर जागा एकच. करंगळी पोहोचली नाही, तर निषाद लागत नाही. निषाद लागला नाही, तर ही रचना नुसती एक गोड चाल उरते. माझ्या मते या रचनेचा सारा मोठेपणा या एका आवर्तनावर तोललेला आहे.

आणि इथूनच पळवाटा फुटतात. पहिली म्हणजे चुकले की पहिल्यापासून सुरू करायचे. नवव्या आवर्तनात अडखळलो, परत पहिल्या पंचमाकडे. असे केल्याने जे येते त्याचीच उजळणी होत राहते आणि जे येत नाही ते तसेच राहते. महिनाभराने पहिली सहा आवर्तने रेशमासारखी होतात, दहावे होते तिथेच असते, आणि वाजवणाऱ्याला वाटते की आपण रोज रियाज करतो आहोत. वाटते ते खरेही असते. रियाज रोज झालेलाच असतो. फक्त तो सहाच आवर्तनांचा झालेला असतो. एक सर विद्यार्थी बसला की म्हणत, 'पहिली ओळ तुला येते, ती राहू दे. नवव्यापासून ऐकव.' त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांना पहिल्यांदा हे कठोर वाटे. पण त्यांच्याकडची मुले रचना पुरी वाजवत.

दुसरी पळवाट जास्त देखणी आहे. अवघड जागा जवळ आली की लय मंदावायची आणि त्याला भाव म्हणायचे. या चालीत लय थोडी ताणावी अशा जागा आहेतच. चौथ्या आवर्तनाच्या शेवटी, तार षड्जावर चढण्याआधी, क्षणभर श्वास घेतला तर तो शोभतो. पण नवव्या-दहाव्यात जी लय रेंगाळते ती बहुतेक वेळा बोट जागेवर पोहोचायला लागलेला वेळ असतो. भेद ओळखायचा कसा? मेट्रोनोम लावावा आणि ती जागा सरळ लयीत, कितीही सावकाश का होईना, पण न थांबता वाजवून पाहावी. सरळ वाजवता आली, तर मग हवी तिथे ताणण्याचा हक्क आपला. सरळ वाजवताच येत नसेल, तर जो भाव आपण दाखवत होतो तो भाव नव्हता. वादनात मला याहून मोठी प्रामाणिकपणाची कसोटी माहीत नाही.

मात्र या अडचणीचा आकारही पाहिला पाहिजे. नववे आणि दहावे मिळून मात्रा किती? सहा. त्यापुढचे अकरावे आवर्तन पुन्हा मोकळ्या तारांवर येते. एका बोटाचे, दुसऱ्या आवर्तनासारखेच, त्याच पडद्यांवर: पंचम, मध्यम, गंधार. बारावे तिसऱ्यासारखे: गंधार, रिषभ, षड्ज. रचनाकाराने डोंगर दाखवला, पण लगेच पलीकडे ओळखीचे गावही वसवून ठेवले आहे. शिवाय तोच उतार शुद्ध निषादानंतर ऐकताना तसाच लागत नाही. दुसऱ्या आवर्तनात तो सहज होता, अकराव्यात तो परतीचा वाटतो. पडदे तेच, बोट तेच, अर्थ वेगळा. हुरूप खचलेल्या मुलाला मी हेच सांगेन की आठव्याच्या शेवटापासून अकराव्याच्या पहिल्या मात्रेपर्यंतचा तुकडा वेगळा काढ. तो लहान आहे. आणि त्याच्या शेवटाला आराम आहे.

तेराव्या आवर्तनात रिषभ तीनदा येतो. पहिल्या आवर्तनातल्या तीन पंचमांशी त्याचे नाते कानाला आपोआप कळते. मग चाल षड्जावर टेकते. पहिला भाग संपतो, आणि पुष्कळांची रचनाही इथेच संपते. 'मला रोमान्स येते' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना दुसरा भाग येतो, हे विचारून पाहण्याजोगे आहे. शिकवण्यांच्या चित्रफितीही पहिल्या भागावर थांबणाऱ्या पुष्कळ आहेत.

हे फार मोठे नुकसान आहे, कारण दुसऱ्या भागावाचून पहिल्याला अर्थ अपुरा राहतो. दुसरा भाग ई मेजरमध्ये आहे. षड्ज तोच, गंधार मात्र शुद्ध. पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा गंधार चौथ्यावर गेला, एवढाच काय तो फरक, आणि खोलीत कुणी खिडकी उघडावी तसे होते. तीनदा शुद्ध गंधार, मग रिषभ, षड्ज. त्यानंतर चाल षड्जाच्या खाली, मंद्र निषादाला उतरते. त्यासाठी ती पहिली तार सोडून दुसरीवर येते आणि स्वराचा पोतच बदलतो, तो अधिक दाट, अधिक जवळचा होतो. तिथून पुन्हा एकदम नवव्या पडद्यावर, शुद्ध धैवतावर. हाताला ही लांब झेप आहे. पाहावे तिथे बोट नेण्याची सवय इथे लागते. बोटाकडे पाहत बसले की झेप चुकते, जिथे पोहोचायचे त्या पडद्यावर नजर आधी गेली पाहिजे.

पुढे तार षड्जावरून चाल पायरी पायरीने उतरते: षड्ज, शुद्ध निषाद, कोमल निषाद, आणि मग शुद्ध धैवत. बारा, अकरा, दहा, नऊ. पहिल्या भागात जे दोन निषाद वेगवेगळ्या आवर्तनांत, एकमेकांना जणू टाळून आले होते, ते इथे शेजारी शेजारी उभे राहतात. मी ही जागा जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा रचनाकाराच्या या काटकसरीला मनोमन नमस्कार करतो. त्याने नवे काही आणले नाही. आधीच दिलेले दोन स्वर जुळवून दाखवले. ज्याने पहिल्या भागातला शुद्ध निषाद करंगळी ताणून, कष्टाने मिळवला आहे, त्याला ही भेट पुरती कळते.

त्याच धैवतावर हाताची आणखी एक कसोटी आहे. तर्जनी पाचव्या पडद्यावर, करंगळी नवव्यावर. अंतर सुमारे 10 सेंटिमीटर, दहाव्या आवर्तनातल्यापेक्षा एक सेंटिमीटर जास्त, कारण दांडीवर खाली यावे तसे पडदे रुंद होत जातात. पण तोवर हात तयार झालेला असतो. ज्याने नववे-दहावे टाळले नाही, त्याला हे नवे वाटत नाही.

या रचनेचा कर्ता कोण, हे ठरलेले नाही. जगभर ती पोहोचली 1952 साली, रने क्लेमाँ यांच्या 'फॉरबिडन गेम्स' या फ्रेंच चित्रपटातून. 1940 मध्ये जर्मन फौजांपासून पळणाऱ्या लोकांच्या लोंढ्यात आईवडील गमावलेली एक लहान मुलगी आणि तिला आसरा देणाऱ्या शेतकरी घरातला मुलगा यांची ती गोष्ट. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला. त्यातली गिटार नार्सिसो येपेस यांची. तेव्हा त्यांचे वय 24. ही चाल आपण लहानपणी रचली असे येपेस सांगत. पण 1900 च्या आसपासच्या एका दंडगोल ध्वनिमुद्रणात ती आहे आणि येपेस जन्मले 1927 मध्ये. इतर काही नावेही पुढे केली जातात. जे प्रकाशक शिरोभागी 'कर्ता अज्ञात' एवढेच छापतात, ते मला सर्वांत योग्य वाटतात. येपेस यांचा मोठेपणा कर्तेपणावर अवलंबून नाहीच. त्यांचे वादन ऐकावे: चाल ते रेंगाळत नेत नाहीत, ती वाहती ठेवतात, आणि दहाव्या आवर्तनातही त्यांची लय वाट अडवून उभी राहत नाही. निषाद येतो, दिसतो आणि जातो. दुःखाचा गवगवा नाही.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात गिटार शिकणारी बहुतेक मुले स्टीलच्या तारांच्या वाद्यावर आणि हिंदी गाण्यांच्या कॉर्डवर सुरुवात करतात. त्यांनाही ही रचना वाजवता येते. त्यासाठी नायलॉनच्या तारांची गिटार विकत घ्यायची वाट पाहायला नको. दांडी अरुंद असल्याने बोटे थोडी दाटीत बसतील आणि बार धरायला तारा जरा कडक लागतील, एवढेच. टॅब पाहून शिका किंवा स्वरलिपी पाहून, पण 32 आवर्तने आहेत की नाहीत ते आधी मोजून घ्या. 16 च असतील तर दुसरी प्रत शोधा. आणि उद्या रियाजाला बसाल तेव्हा पहिल्या पंचमापासून बसू नका; नवव्या आवर्तनापासून बसा.